मुंबई-ठाण्याहून नाशिकला: घर घेताना काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

मुंबई, ठाणे, कल्याण किंवा पुणे सोडून नाशिकला घर घेऊ पाहणाऱ्यांचा हिशोब बहुतेक वेळा चौरस फुटाच्या दरापासून सुरू होतो. आमच्या मते दराकडे सगळ्यात शेवटी बघावं. घर खरोखर स्वस्त पडलं का, हे दोन गोष्टींवर ठरतं: घरातल्या प्रत्येकाला रोज कुठे जायचं आहे आणि कागदावर तुमच्या नावाने नेमकं काय होणार आहे. यातलं एक जरी चुकलं, तरी दरात वाचलेले आठ-दहा लाख पेट्रोलमध्ये, वकिलाच्या फीमध्ये किंवा न विकल्या जाणाऱ्या घरात अडकतात.

आधी भाड्याने, मग विकत

शक्य असेल तर पहिले अकरा महिने भाड्याने राहा. मुंबईचं घर असेल तर तेवढा काळ तेही भाड्याने द्या. अकरा महिन्यांत उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही बघून होतात. कुठल्या भागात पाणी किती वाजता आणि किती दाबाने येतं, द्वारका चौकातून सकाळी नऊला निघायला किती वेळ लागतो, शाळेची बस तुमच्या कॉलनीत येते का, हे राहिल्याशिवाय कळत नाही. भाडेकरार नोंदवलेलाच करा. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागतं आणि नोंदवण्याची कायदेशीर जबाबदारी घरमालकाची आहे. बँक खातं, गॅस, शाळाप्रवेश या सगळ्यांना पत्त्याचा पुरावा म्हणून हाच करार चालतो.

जुनं घर विकणार असाल तर आयकराचं वेळापत्रक समजून घ्या, कारण त्यावर खरेदीची घाई किंवा सवड ठरते. दोन वर्षांहून जास्त काळ मालकीचं असलेलं घर विकून झालेला भांडवली नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतवला, तर त्यावरचा कर वाचतो. त्यासाठी तयार घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षं नंतर घ्यावं लागतं. बांधायचं असेल तर मुदत तीन वर्षांची. विवरणपत्र भरण्याच्या तारखेपर्यंत पैसे गुंतवून झाले नसतील, तर उरलेली रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. साध्या बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवली तर सवलत जाते. नवं घर तीन वर्षांच्या आत विकलं तरी सवलत उलटते. नफा दोन कोटींपर्यंत असेल तर आयुष्यात एकदा तो दोन घरांत विभागता येतो. नाशिकला एक घर आणि मुलांसाठी पुण्यात एक लहान घर, असा विचार असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात ही रक्कम घालताना जास्त जपा: ताबा तीन वर्षांच्या पुढे गेला तर कर खात्याशी वाद होऊ शकतो.

कुठल्या बाजूला राहायचं

नाशिक बाहेरून लहान वाटतं, पण रेल्वे स्टेशन नाशिकरोडला आहे आणि गंगापूर रोडवरून तिथे जायला दहा-बारा किलोमीटर पडतात. हे अंतर रोज कापायचं असेल तर घर कितीही छान असलं तरी वर्षभरात जीव मेटाकुटीला येतो. म्हणून आधी प्रवास ठरवा, मग भाग.

आठवड्यातून दोन-तीनदा रेल्वेने मुंबई गाठायची असेल तर नाशिकरोड, जेलरोड, उपनगर किंवा देवळाली बघा. पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून निघते आणि संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास मुंबईहून परत सुटते. म्हणजे घरातून बाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत पंधरा तास मोडतात. रोजच्यासाठी हा पर्याय आम्ही कोणालाही सुचवणार नाही. आठवड्यातून दोनदा जाणं झेपतं, तेही घर स्टेशनच्या जवळ असेल तर.

गाडीने मुंबईला जाणाऱ्यांना पाथर्डी फाटा, इंदिरानगर, राणेनगर हा पट्टा सोयीचा, कारण शहराची गर्दी न ओलांडता महामार्ग गाठता येतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि कसारा घाट टाळता येऊ लागला. वेळ वाचतो, पण टोलचा खर्च महिन्याच्या हिशोबात धरा. अंबडच्या कारखान्यांत नोकरी असणाऱ्यांनाही हाच पट्टा किंवा सिडको, म्हणजे नवीन नाशिकचा भाग, जवळ पडतं, सातपूरवाल्यांना सातपूर आणि त्र्यंबक रोड.

गंगापूर रोड आणि कॉलेज रोड महागच आहेत आणि राहतील. कॉलेजं, दवाखाने, बाजार सगळं हाताशी असतं. घरात वयस्कर आई-वडील असतील तर इथे लहान घर घेणं हे लांब मोठं घर घेण्यापेक्षा आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. म्हसरूळ, मखमलाबाद, हिरावाडी, अमृतधाम, आडगाव ही पंचवटीकडची बाजू तुलनेने स्वस्त आहे. ओझरला नोकरी असेल तर ती सोयीचीही आहे. मात्र इथल्या नव्या वस्त्यांत आतले रस्ते आणि ड्रेनेज इमारतींच्या मागून येतात. महापालिकेची ड्रेनेज लाइन इमारतीला जोडली आहे की सेप्टिक टँकवर काम चालू आहे, हे पहिल्याच भेटीत विचारा. टँक असेल तर तो उपसायला किती दिवसांनी गाडी येते, हे रहिवाशांना विचारा.

पुण्याशी संबंध असणाऱ्यांनी एवढं जाणून असावं की नाशिक-पुणे थेट रेल्वेमार्ग नाही. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण असा रस्त्यानेच प्रवास आहे आणि चाकणला अडकायला होतं. होणाऱ्या रेल्वेच्या भरवशावर आज जास्त दर देऊ नका.

आणखी एक हद्द महत्त्वाची, ती महापालिकेची. गोवर्धन, मातोरी, शिंदे अशी गावं शहराला चिकटलेली दिसतात, पण ती महापालिकेबाहेर आहेत. तिथे पाणी बोअर किंवा ग्रामपंचायतीचं, बांधकाम परवानगी नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची आणि कचरा, दिवाबत्ती ग्रामपंचायतीकडे. जाहिरातीतलं ‘गंगापूर रोड टच’ वाचून हद्द ठरवू नका. जमिनीचा गट नंबर आणि मौजे, म्हणजे महसुली गाव, विचारा, म्हणजे हद्द कळते.

पैशांचा खरा हिशोब

बांधकाम सुरू असलेला ४८ लाखांचा फ्लॅट धरू. जीएसटी ५ टक्क्यांनी २,४०,००० रुपये. मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि स्थानिक संस्थेचा १ टक्का अधिभार मिळून २,८८,००० रुपये. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल मर्यादा ३०,००० रुपये. एकूण ५,५८,००० रुपये किमतीच्या वर गेले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ३८,४०,००० आणि तुमच्या खिशातून ९,६०,००० अधिक ५,५८,०००, म्हणजेच १५,१८,००० रुपये. यात बँकेची प्रक्रिया फी, गहाणखताचं मुद्रांक, वीजमीटर, आगाऊ मेंटेनन्स, ग्रिल, किचन ट्रॉली, पंखे आणि सामानाची गाडी धरलेली नाही. त्यासाठी वेगळे दोन-तीन लाख हातात नसतील तर बजेट खाली आणा.

आता याच हिशोबातली एक गोष्ट मुंबईहून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. परवडणाऱ्या घरांना जीएसटी फक्त १ टक्का आहे. अट अशी की किंमत ४५ लाखांपर्यंत हवी आणि चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतलं कार्पेट, मुंबई महानगरात ६० चौरस मीटरपर्यंत, पण नाशिकसारख्या ठिकाणी ९० चौरस मीटरपर्यंत चालतं. ९० चौरस मीटर म्हणजे सुमारे ९६८ चौरस फूट कार्पेट, ऐसपैस टू बीएचके त्यात बसतो. ४४,९०,००० च्या फ्लॅटवर जीएसटी ४४,९०० रुपये होतो, ४८ लाखांच्या फ्लॅटवर २,४०,०००. म्हणून ४६-४७ लाखांचा भाव सांगितला असेल तर ४५ च्या आत आणण्यासाठी घासाघीस करणं दुप्पट फायद्याचं आहे. फक्त पार्किंग, विकास शुल्क, क्लबहाऊस वगैरे नावाने घेतलेली रक्कमही त्या ४५ लाखांत मोजली जाते, हे बिल्डरकडून लेखी स्पष्ट करून घ्या. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर आणि जुन्या घरावर जीएसटी लागत नाही.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि शासनाचा वार्षिक बाजारमूल्य दर, म्हणजे रेडी रेकनर, यातली जास्त असेल त्या रकमेवर आकारलं जातं. हे दर १ एप्रिलला बदलू शकतात आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गावनिहाय बघता येतात. राहतं घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावाने घेतलं तर १ टक्का सवलत आहे. पती-पत्नी दोघांची नावं घातली तर ती मिळत नाही. कर्जात पतीला सहकर्जदार करून मालकी एकट्या पत्नीच्या नावाने ठेवता येते. वरच्या उदाहरणात त्याने ४८,००० रुपये वाचतात.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या आयकरापोटीची रक्कम, कापून ती तुम्ही भरायची असते. विकणारा परदेशात राहणारा असेल तर कापायची रक्कम बरीच मोठी होते आणि रीतही वेगळी आहे. नाशिकची बरीच मुलं परदेशात आहेत, त्यामुळे जुन्या बंगल्यांच्या व्यवहारात हा प्रसंग येतो. अशा वेळी सीए गाठल्याशिवाय टोकनही देऊ नका. कापायला विसरलात तर कर तुमच्याकडून वसूल होतो.

नव्या प्रकल्पात

महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून पान उघडा आणि माहितीपुस्तिका बाजूला ठेवा. पानावर या गोष्टी बघा: पूर्ण होण्याची मूळ तारीख आणि सुधारित तारीख, मंजूर नकाशा, जमिनीवरचा बोजा, कोर्टातले वाद, किती सदनिका विकल्या गेल्या. सुधारित तारीख दोनदा पुढे गेलेली असेल आणि विक्री निम्मीही नसेल तर पैशांची चणचण आहे असं समजा. ५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. नाशिकला अशा लहान इमारती खूप उभ्या राहतात. त्या वाईट असतात असं नाही, पण तिथे कागद तपासण्याचं सगळं ओझं तुमच्यावर येतं.

करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आज बुकिंग केलं तर हा दर’ म्हणत वीस टक्के मागितले तर नकार द्या. भाव कार्पेटवरच ठरवा. सेलेबल क्षेत्र, म्हणजे जिना-लॉबीसारखा सामायिक भाग मिळवून वाढवलेलं क्षेत्र, सांगितलं तर एकूण किंमत भागिले रेरा कार्पेट करून स्वतः दर काढा आणि दोन प्रकल्पांची तुलना त्याच दराने करा. रेरा कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाल्कनी, बाहेरच्या भिंती आणि डक्ट धरत नाहीत. करारात चौरस मीटर लिहिलेले असतात, त्यांना १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात. ताबा देताना क्षेत्र ३ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त होऊ शकतं असं करारात असतं, त्याहून जास्त फरकाला मान्यता देऊ नका. पार्किंगचा क्रमांक, मोजमाप आणि ते झाकलेलं की उघडं, हे कराराच्या जोडपत्रात आलं पाहिजे. तोंडी मिळालेलं पार्किंग पुढे भांडणाचं कारण होतं.

तरीही, दुसऱ्या शहरातून येणाऱ्याला आमचा सल्ला पूर्णत्वाचा दाखला मिळालेलं घर घेण्याचा आहे. भाडं आणि हप्ता एकत्र भरणं, साइटवर लक्ष ठेवायला दर पंधरवड्याला येणं, शाळेचं वर्ष आणि ताब्याची तारीख जुळवणं यात माणूस थकून जातो.

जुना फ्लॅट घेताना

पहिला प्रश्न पूर्णत्वाच्या दाखल्याचा. नाशिकमध्ये गेल्या दशकात कपाटांचा प्रश्न गाजला होता. खोलीतल्या कपाटाची जागा चटई क्षेत्र निर्देशांकात (एफएसआय), म्हणजे प्लॉटवर मंजूर बांधकामाच्या मर्यादेत, धरायची की नाही, या वादात खूप इमारतींचे दाखले अडकले. लोक राहायला गेले, वीज मिळाली, पण दाखला नाही. पुढे नियमितीकरणाचे मार्ग निघाले, तरी प्रत्येक इमारत त्यातून गेली असं नाही. त्या काळातली इमारत असेल तर दाखल्याची प्रत हातात घ्या आणि त्यावर तुमचा मजला व विंग आहे का ते बघा, कारण काही दाखले अंशतः दिलेले असतात. दाखला नसेल तर बऱ्याच बँका कर्ज नाकारतात आणि पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा तुमच्या ग्राहकालाही तोच नकार मिळतो.

दुसरी गोष्ट मुंबईकरांना नवीन असते. मुंबईत इमारत म्हणजे सहकारी सोसायटी आणि शेअर सर्टिफिकेट. नाशिकला पुष्कळ इमारती १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आहेत. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं. बिल्डरने नोंदवलेलं घोषणापत्र असतं आणि प्रत्येक मालकाच्या नावाने डीड ऑफ अपार्टमेंट होतं, ज्यात जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. विकणाऱ्याकडे फक्त करारनामा असेल आणि डीड झालेलं नसेल, तर जमिनीचा हक्क अजून बिल्डर किंवा मूळ मालकाकडे आहे. व्यवहार थांबवायला हवा असं नाही, पण डीडचा खर्च कोण करणार आणि बिल्डर सही करायला आज उपलब्ध आहे का, हे टोकनच्या आधी ठरवा. सोसायटी असेल तर अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देणं, झालं आहे का विचारा.

सिडकोच्या योजनेतलं घर असेल तर ते अजून भाडेपट्ट्यावर आहे की मालकीहक्काचं झालं आहे, आधीच्या प्रत्येक खरेदीला सिडकोची हस्तांतरण परवानगी होती का, आणि वाढवलेल्या खोल्यांना मंजुरी आहे का, हे तिन्ही बघा. तिथली अनेक मूळ घरं लहान होती आणि वर मजले चढवलेले आहेत. ते वाढीव बांधकाम कर्जाच्या मूल्यांकनात धरलं जात नाही. देवळाली कॅम्पात छावणी परिषदेची हद्द आणि लष्कराच्या जागेजवळचे बांधकामाचे निर्बंध वेगळेच आहेत. तिथला अनुभव असलेलाच वकील घ्या.

कागदांची साखळी अशी लागते: पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतचे सगळे नोंदवलेले करार, प्रत्येकाची पावती आणि सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा, इंडेक्स टू), पूर्णत्वाचा दाखला, घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल यांच्या थकबाकी नसल्याच्या पावत्या, सोसायटीचं किंवा अपार्टमेंटचं ना-हरकत पत्र. मधला एखादा मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार आणि जाहीर नोटीस झालेली हवी. वकिलाकडून मालकीचा ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि तुमच्या खर्चाने स्थानिक मराठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. १५ दिवसांत हरकत आली नाही तर पुढे जा. नोटीस न देता वाचलेले काही हजार रुपये नंतर वारसाच्या एका दाव्यात जातात. वडिलांच्या नावाचं घर दोन भाऊ विकत असतील तर बहिणीचं नाव कुठे आहे, हे विचारायला अजिबात संकोच करू नका.

विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेचं थकबाकी पत्र आणि त्यांच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी मागा. कर्जाची उरलेली रक्कम थेट त्या बँकेच्या कर्जखात्यात भरा, विकणाऱ्याच्या बचत खात्यात नाही.

घर पावसात बघा. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेची भिंत, खिडकीच्या चौकटीखालचा कोपरा, बाथरूमच्या बाहेरची भिंत आणि सर्वात वरच्या मजल्याचं छत ही चार ठिकाणं हाताने चाचपून बघा. ताजा रंग फक्त एकाच भिंतीला दिसला तर त्या भिंतीमागे काय आहे ते शोधा. उन्हाळ्यात वरच्या मजल्याची आणि पश्चिममुखी खोली दुपारी चारला बघा. पाण्यासाठी वॉचमनला विचारा: एप्रिल-मे महिन्यात टँकर किती येतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये आहेत की वेगळे. घरपट्टी तपासताना १ एप्रिल २०१८ ही तारीख लक्षात ठेवा. त्यानंतर आकारणी झालेल्या मिळकतींचे दर जुन्यांपेक्षा बरेच वाढवले गेले, त्यामुळे शेजारच्या जुन्या इमारतीची पावती बघून तुमच्या नव्या घराचा अंदाज बांधता येत नाही.

नदी, आरक्षण आणि सिंहस्थ

गोदावरीजवळचं घर मनात भरतं. सप्टेंबर २००८ चा पूर आणि त्यानंतरचे पूर नाशिककर विसरलेले नाहीत. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं यावरून आजही पुराची उंची सांगतात. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम चालत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर चालतं आणि जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवं. नासर्डी, वाघाडी आणि वालदेवी याही फुगतात, तेव्हा फक्त गोदेकाठापुरती चौकशी करून थांबू नका. तळमजल्याच्या पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची जुनी खूण दिसते का, तेही बघा.

शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात महापालिकेच्या नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला मिळतो. त्यावर पूररेषा, रस्तारुंदी आणि आरक्षण तिन्ही दिसतात. तपोवन भागात हे सर्वात आधी करा, कारण सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठी उभारल्या जाणाऱ्या साधुग्रामाला तिथे मोठी जागा लागते. सिंहस्थाची मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. त्याआधीचे रस्ते, पूल, पाइपलाइन ही कामं चालू असताना एखादा रस्ता खोदलेला दिसला म्हणून घर नाकारू नका. आणि ‘कुंभमेळ्यानंतर भाव दुप्पट’ ऐकून घाईने टोकनही देऊ नका. रस्तारुंदीच्या रेषेत इमारतीचं कुंपण किंवा दुकानं येतात का, एवढं मात्र नकाशावर नक्की बघा.

प्लॉट आणि बंगल्याचं स्वप्न

मोठ्या शहरातून येणाऱ्यांची सर्वात जास्त फसवणूक इथे होते. काही गुंठ्यांचा ‘फार्महाऊस प्लॉट’ त्र्यंबक, इगतपुरी किंवा दिंडोरी रस्त्यावर स्वस्तात दाखवतात. सातबारा बघितला की जमीन शेती निघते. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकरीच विकत घेऊ शकतो, शिवाय तुकडेबंदीचा, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे विकण्यावरच्या बंदीचा, अडसर येतो. सामायिक सातबाऱ्यावर नाव लावून देतो, कुळमुखत्यारपत्र करून देतो, स्टॅम्प पेपरवर लिहून देतो, या तिन्ही वाटांनी तुमच्या नावाचा स्वतंत्र प्लॉट होत नाही आणि बँक त्यावर कर्ज देत नाही. नाशिक जिल्ह्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची: त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, दिंडोरी, कळवण, इगतपुरी या तालुक्यांत आदिवासींच्या जमिनी खूप आहेत आणि त्या बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाहीत. झालेला व्यवहार कित्येक वर्षांनीही रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे जाऊ शकते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन (विकायला शासनाची परवानगी लागणारी जमीन), इनाम, देवस्थान किंवा कुळकायद्याचा शेरा दिसला तरी थांबा आणि सगळे जुने फेरफार वाचून घ्या.

घ्यायचाच असेल तर बिनशेती झालेला, अंतिम मंजुरी मिळालेल्या लेआउटमधला प्लॉट घ्या. तात्पुरती मंजुरी पुरेशी नाही, कारण रस्ते, गटार, मोकळी जागा केल्याशिवाय अंतिम मंजुरी मिळत नाही आणि ते काम तुमच्या गळ्यात पडतं. स्वतंत्र सातबारा किंवा मालमत्ता पत्रक प्लॉटच्या नावाने असावं. खरेदीपूर्वी भूमी अभिलेख खात्याची मोजणी करून क-प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, मिळवा. चारही खुणा जागेवर दाखवून घ्या. जमीन काळी असेल तर पायाचा खर्च वाढतो: काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पायावरचं कुंपण दोन-तीन वर्षांत तडकतं. एक-दोन ठिकाणी खड्डा घेऊन मुरूम किती खोल लागतो ते बांधकाम अभियंत्याला दाखवा आणि मगच बजेट करा.

रो-हाऊसमध्ये बाजूची मोकळी जागा पत्रा टाकून झाकलेली असेल तर ती तुमच्या क्षेत्रात मोजू नका. मंजूर नकाशा हातात धरून टेपने मोजा.

नोंदणी आणि त्यानंतर

मुद्रांक आणि नोंदणी शुल्क ग्रास या शासकीय प्रणालीतून ऑनलाइन भरता येतं. चलनावर नावाचं स्पेलिंग, मिळकतीचा पत्ता आणि कार्यालय चुकलं तर परतावा मिळवायला महिने जातात, म्हणून भरण्याआधी वकिलाला दाखवा. नाशिकला सह दुय्यम निबंधकांची एकाहून जास्त कार्यालयं आहेत. दोन्ही पक्षांची आधार आणि पॅन मूळ कार्डं, दोन साक्षीदार आणि छापील करार घेऊन वेळ ठरवून जा. सही केल्यापासून चार महिन्यांत करार नोंदवावा लागतो. कर्ज असेल तर गहाणाची सूचना कर्ज घेतल्यापासून ३० दिवसांत निबंधकाकडे दाखल करायची असते. बँक करून देईल असं गृहीत न धरता पावती मागून घ्या.

सूची क्रमांक दोन हातात आली की त्याच आठवड्यात महापालिकेच्या विभागीय कार्यालयात नाव लावायला अर्ज करा. कार्यालयं सहा आहेत: नाशिक पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर. पाणीपट्टीचं नाव बहुधा तिथेच बदलतं, वीजमीटरचं महावितरणकडे. मतदार यादीत पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ भरा. गाडी महाराष्ट्रातच नोंदलेली असेल तर नवा नंबर लागत नाही, आरसीवरचा पत्ता बदलला की झालं. मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला मुंबईतूनच घेऊन निघा, नाहीतर जूनच्या गर्दीत त्यासाठी परत जावं लागतं.

नव्या इमारतीत ताबा घेताना प्रत्येक खोलीची गळती, टाइल्सचा पोकळ आवाज, नळाचा दाब आणि दारं-खिडक्यांची झडप तपासून यादी करा आणि ती बिल्डरला पोस्टाने किंवा ईमेलने पाठवा. ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षांत आढळलेला बांधकामातला दोष बिल्डरने कळवल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पहिल्या पावसाळ्यानंतर फोटोंसकट दुसरी यादी पाठवा आणि दोन्ही पत्रांच्या पोहोच पावत्या कराराच्या फाइलमध्येच ठेवा.